लेमची मान

मंगळवार, ५ मार्च १९९६

पिंक्नी मास्तर दुकानात आला, हॅट काढली आणि डोकं थेट माझ्या नाकाखाली धरलं!

"बघ, रेन्फ्रो! नीट बघ! शनिवारी तुझ्या खुर्चीतून उठलो आणि आज हे!"

टाळूवर पुळ्या. दहा-बारा तरी असतील. प्रत्येकीच्या मधोमध एक केस, टोकाला पिवळा पू. आजूबाजूची कातडी लाल. मी म्हणालो, मास्तर, घामोळं असेल. तर म्हणाला, "मार्चमध्ये घामोळं? मी तेहेतीस वर्षं शाळेत शिकवलंय. मला शिकवू नकोस!"

बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. दोघांनी पेपर खाली केले. पलीकडच्या खुर्चीशी माझी पोरगी व्हर्निस कुणाचे तरी कल्ले कापत होती, तिनं मशीन बंद केलं.

"मी अटलांटाला न्हाव्यांच्या परवाना मंडळाला पत्र लिहिणार," मास्तर म्हणाला. "टाइप करून!"

पन्नास वर्षं झाली मला मेकन गावात या रस्त्यावर. भिंतीवर परवाना आहे, काचेत घातलेला, सेहेचाळीस सालचा. माझ्या मशीननं कुणाला काही झालं असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. कुणीच नाही!

बुधवार, ६ मार्च

रात्रीचं जेवण पोटात तसंच पडून आहे. एस्टेल म्हणते, पोटात काही पडलेलं नाही, तू जेवलासच नाहीस.

मी तिला म्हटलं, मास्तर डोक्याला ते घट्ट तेल थापतो, डब्यातलं, मेणासारखं. त्यानंच छिद्रं बुजली असणार. ती म्हणाली, "मग हे त्याला सांग. मी काय मंडळ आहे?" चाळीस वर्षं संसार केला आणि वेळेला ही अशी बोलते.

व्हर्निसनं दुपारी कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, "डॅडी, शनिवारी मास्तरांच्या आधी कोण होतं?"

आठवलं. ट्रक चालवतो तो. त्याच्या डोक्यात मागे फोड होते, मी पाहिले होते. त्या दिवशी दारापर्यंत रांग होती. मशीनची पाती ब्रशनं झटकली आणि पुढचा घेतला. जंतू मारायच्या निळ्या औषधात बुडवली नाहीत. दहा मिनिटं बुडवून ठेवायची असतात. दहा मिनिटं कुठून आणू शनिवारी?

तिला म्हटलं, आठवत नाही.

गुरुवार, ७ मार्च

समोरच्या फुटपाथवर करड्या सुटातला माणूस. दुकानाच्या पाटीकडे बघून वहीत काहीतरी लिहून घेतलं. मंडळाचाच असणार. संपलं!

शनिवार, ९ मार्च

सुटातला माणूस परत दिसला नाही. येईल. ही माणसं गाफील ठेवूनच येतात.

सकाळी सातला लेम. लेम्युएल हचिन्स. रेल्वेच्या यार्डात हाडं झिजवली, आता आमच्या चर्चचा डीकन आहे, पाद्र्याचा मदतनीस. शनिवारी पहिली खुर्ची त्याची. मी कुलूप काढायच्या आधी तो दारात उभा असतो, टोपी हातात. माझ्या लग्नात माझ्या शेजारी उभा होता, मी त्याच्या.

त्याचं सगळं ठरलेलं. केस बारीक, मग खुर्ची सरळ, मान पुढे. गरम टॉवेल. साबणाचा फेस. पट्ट्यावर वस्तरा आठ वेळा. मग डाव्या अंगठ्यानं कातडी ताणून धरायची आणि खालून वर, केसांच्या उलट, एकाच दमात. वर स्पिरिट. माझ्यासारखी मान या गावात कुणी काढत नाही. माशी बसली तर घसरून पडेल! रविवारी चर्चमध्ये लेम पुढच्या बाकावर बसतो आणि मागच्या सगळ्यांना तासभर माझं काम दिसतं.

दिसायचं. आता मानेवर गाठी आहेत. पहिल्यांदा बारीक पुळ्या यायच्या, मी वस्तऱ्याच्या टोकानं फोडून स्पिरिट लावायचो. आता खालच्या बाजूला घट्ट गाठी, वाटाण्याएवढ्या, काही जागी केसच येत नाहीत. कधी झालं हे सगळं? रोज थोडं थोडं झालं की दिसत नाही. मी अंगठ्यानं चाचपत, गाठी चुकवत वस्तरा फिरवतो. लेम कधी हूं की चूं करत नाही. चादरीखाली हात घट्ट मिटून बसतो. डीकन आहे, मनात प्रार्थना म्हणत असेल.

त्याला पिंक्नीचं सांगितलं. हसला. "मास्तरनं मलाही पत्र लिहिलं होतं. चर्चची घंटा चार मिनिटं उशिरा वाजते म्हणून. टाइप केलेलं!"

बरं वाटलं थोडं. लेम असला की वाटतं. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या मॉलमध्ये केस कापायचं नवं दुकान निघालं, गार हवेचं, आणि माझी सगळी गिऱ्हाइकं तिकडे पळाली. व्हर्निस तेव्हा डेट्रॉइटला होती. शनिवार शनिवार या खुर्चीत एकटा लेम. तेव्हा मी त्याला बोललो होतो, तू पण गेलास तर वस्तरा नदीत टाकीन आणि त्याच्यामागून मीही जाईन. बोलायला नको होतं. पण बोललो. तो फक्त म्हणाला, "टॉवेल निवतोय, ओझी." पुढच्या शनिवारी सातला हजर.

सोमवार, ११ मार्च

दुकान बंद. व्हर्निस घरी आली, हातात कागदांची चळत. मागच्या महिन्यात ती अटलांटाला चार दिवसांचा वर्ग करून आली, तिथले. मला म्हणाली, "बसा. तुम्हाला वाचून दाखवते."

मला वाचता येतं! आठवीपर्यंत शाळा नाही झाली, पण बायबल मी भिंग घेऊन रोज वाचतो. तरी तिनं वाचून दाखवलंच.

दोन गोष्टी आहेत म्हणे. एक मास्तरची. केसाच्या मुळाशी घाण गेली, जंतू गेले, की तिथे पू धरतो. केसतोड. एकाच्या डोक्यातलं दुसऱ्याच्या डोक्यात जातं ते कंगव्यानं, मशीननं, टॉवेलनं. उपाय सोपा. प्रत्येक डोक्यामागे पाती पुसून औषधात, टॉवेल नवा, डोक्याला तेल थापणं बंद, औषधी साबण, कोमट पाण्याचा शेक. फोडायचं नाही, नखानं तर नाहीच. आठवड्यात उतरलं नाही तर डॉक्टर.

बरं. ते मी ऐकून घेतलं.

मग तिनं दुसरा कागद काढला. त्यावर मानेचं चित्र होतं. बघितलं आणि कानशिलं तापली. लेमची मान! कुणाची तरी वेगळी, पण तीच.

"आपल्या काळ्या माणसांचे केस वळलेले असतात, डॅडी," ती म्हणाली. "कातडी ताणून उलटा वस्तरा मारला की केस कातडीच्या आत कापला जातो. त्याला टोक येतं. वर यायला बघतो, पण वळतो आणि परत आतच शिरतो. अंग त्याला काटा समजतं. सूज येते, पू येतो. पुन्हा त्यावरच वस्तरा. असं वर्षानुवर्षं झालं की त्याची गाठ होते. मग ती जात नाही."

मी म्हटलं, सगळे न्हावी असंच करतात.

"सगळे नाही करत. तुम्ही करता. मॉलमधले मशीनला कंगव्यासारखं गार्ड लावतात, कातडीवर थोडे केस ठेवतात."

मॉलमधले! माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझी कॉफी पिऊन!

मी तिला सांगितलं की पन्नास वर्षांत मी जेवढ्या माना काढल्या तेवढ्या तिनं पाहिल्याही नसतील. ती कागद टेबलावर ठेवून गेली. एस्टेलनं रताळ्याचा केक कापला आणि तिला डब्यात दिला, मला नाही.

बुधवार, १३ मार्च

करड्या सुटातला माणूस आत आला! मी बेसिनशी जाऊन दोनदा हात धुतले. तो अंत्यविधीचा विमा विकतो. म्हणाला, तुमच्या वयाच्या माणसानं आता विचार करायला हवा.

मी त्याला बाहेर घालवलं. व्हर्निस अर्धा तास हसत होती.

शुक्रवार, १५ मार्च

पाती औषधात बुडवतोय. प्रत्येक डोक्यामागे. दुसरा संच आणलाय म्हणजे थांबावं लागत नाही. व्हर्निसनं बघून न बघितल्यासारखं केलं. ते जास्त लागलं.

उद्या लेम.

शनिवार, १६ मार्च

भिंग दुकानात नेलं. का नेलं माहीत नाही.

टॉवेल काढल्यावर लेमची मान पुढे होती. त्याला दिसत नव्हतं. मी भिंग धरलं.

देवा! एकेक केस दिसला. गाठींच्या कडेला, लाल कातडीत, माशाच्या गळासारखे वाकून आत गेलेले. एकाचंही टोक बाहेर नाही. एका ठिकाणी केस कातडीखालून काळ्या रेघेसारखा दिसत होता, झोपलेला. मागच्या शनिवारी मीच कापलेला. चित्रात होतं तस्संच.

"काय बघतोस एवढं?" लेमनं विचारलं. "उवा झाल्या काय मला?"

मी म्हटलं, म्हातारा झालास ते बघतोय.

"तू आरशात बघ, फुकट दिसेल."

आणि मग, या वहीत खरं लिहितो, मी वस्तरा फिरवला. नेहमीसारखाच. काय सांगणार होतो त्याला? हाताला कळत होतं की करू नये, आणि हात करत होता. दोन ठिकाणी रक्त आलं. तुरटी लावली. चादरीखाली त्याच्या मुठी होत्या.

रविवार, १७ मार्च

चर्चमध्ये मुद्दाम त्याच्या मागच्या बाकावर बसलो. खळ घातलेली कॉलर, पांढरी, कडक, पुठ्ठ्यासारखी. मान वळवली की गाठींवर घासते. तिसऱ्या गाण्यापर्यंत कॉलरवर एक तांबडा ठिपका होता. पाचव्यापर्यंत तीन.

पाद्री काय बोलला आठवत नाही. एस्टेलनं कोपरानं ढोसलं, सगळे उभे होते आणि मी बसलेला.

व्हर्निसच्या कागदात कॉलरचंही आहे. घासणारं काही नको. टोपीची कडही नको.

मंगळवार, १९ मार्च

पिंक्नी आला. हॅट काढली. मी खुर्चीच्या मागे सरलो!

टाळू साफ. पाचसहा बारीक डाग, बस. "तुझ्या मुलीनं सांगितलेला साबण," म्हणाला. "आणि डॉक्टरनं दिलेलं मलम. तेल मी सोडलं. हुशार मुलगी आहे. तिला पत्र लिहिणार होतो, पण समोरच सांगतो."

मंडळाचं काय, मी विचारलं.

"कुठलं मंडळ?" म्हणाला आणि व्हर्निसच्या खुर्चीत जाऊन बसला. दहा वर्षं माझ्याकडे बसत होता.

म्हणजे पोरीचं खरं निघालं. एक खरं निघालं तर दुसरंही खरं. मास्तरचं दोन आठवड्यांत गेलं. लेमचं जाणार नाही. पुळ्या थांबवता येतात, गाठी तशाच राहतात. कुणी वेळेवर बघितलं असतं तर! बघायला मीच होतो ना. दर शनिवारी एक फुटावर.

गुरुवार, २१ मार्च

जेवण नको झालंय. एस्टेलला सांगून टाकलं. ती भांडी घासत होती, पाठमोरीच म्हणाली, "मग लेमला सांग."

कसं सांगू? तुझी मान मी नासवली? पन्नास वर्षांच्या मैत्रीचं हे फळ?

"मग नको सांगूस. आणखी नासव."

शुक्रवार, २२ मार्च

आरशासमोर उभं राहून बोलून बघितलं. लेम, एक बोलायचंय. लेम, तुझ्या मानेचं. लेम, नवीन पद्धत आलीय. खोटं वाटतं सगळं.

तो जाईल. मी त्याच्या जागी असतो तर गेलो असतो. शिव्या देऊन गेलो असतो. आणि शनिवारी सातला दारात कुणी नसेल.

शनिवार, २३ मार्च

सांगितलं. सगळं बिघडलं.

केस झाले. त्यानं मान पुढे केली. मी वस्तरा काढला नाही, मशीन उजवीकडून फिरवायला लागलो. म्हटलं, आजपासून मानेला वस्तरा नाही, लेम. मशीनला गार्ड लावून थोडे केस ठेवतो. कोमट शेक घे, व्हर्निस साबण देईल तो लाव. सोमवारी डॉक्टरकडे जाऊ, मी येतो बरोबर. आता कॉलर मऊ घाल.

त्यानं मान वर केली. मग म्हणाला, "कुणी सांगितलं तुला?"

असं विचारलं. 'का' विचारलं नाही, 'काय झालं' विचारलं नाही. कुणी सांगितलं.

"ओडेसानं?"

ओडेसा त्याची बायको. तिचा काय संबंध? मी म्हटलं, भिंगानं सांगितलं. मीच केलंय हे, लेम. माझा वस्तरा. पहिल्यापासून माझाच.

तो उठला. मान अर्धी झालेली, उजवीकडे केस बारीक, डावीकडे झुबका! चादर स्वतःच काढली. "वस्तऱ्याचं काय करणार मग?"

ठेवून दिला, मी म्हटलं.

"ठेवून दिला म्हणजे? कुठे?"

खणात. कुठे म्हणजे काय!

माझ्याकडे असा बघत राहिला जसा मी आजारी आहे. टोपी घातली, त्या झुबक्यासकट, आणि गेला. दार उघडंच ठेवलं. व्हर्निसनं जाऊन लावलं. म्हणाली, "बरं केलंत, डॅडी." बरं कुठे काय केलं? काही बरं नाही केलं!

रविवार, २४ मार्च

पुढचं बाक रिकामं. लेम मागे भिंतीशी उभा होता, डीकन असून, टोपी हातात, भिंतीला मान टेकवून. गाणं संपायच्या आत निघून गेला.

चर्चमधल्या बायका कुजबुजत होत्या. कुणीतरी म्हणालं, ओझीचं आणि त्याचं वाजलं वाटतं.

बुधवार, २७ मार्च

मॉलच्या दुकानापुढून गाडी हळू नेली. दोनदा. काचेतून तो दिसला नाही. एस्टेल म्हणाली, "आता उतरून विचार ना, माझा नवरा चोरलात का म्हणून."

शनिवार, ३० मार्च

साडेसहाला कुलूप काढलं. सात वाजले. सव्वासात. टॉवेल गरम करून ठेवला होता, निवला. पुन्हा केला, पुन्हा निवला.

आठला एक तरुण आला, म्हणाला मान एकदम साफ पाहिजे, वस्तऱ्यानं, ईस्टर येतोय. मी त्याला वळलेल्या केसाची सगळी गोष्ट सांगितली. आत शिरतो, अंगाला काटा वाटतो, गाठ होते. तो म्हणाला, "अहो काका, मी केस कापायला आलोय." व्हर्निसनं गार्ड लावून कापले. जाताना त्याला साबणाचं नाव लिहून दिलं मी. माझ्या अक्षरात. वाचता आलं की नाही कुणास ठाऊक.

हे सगळं मला पहिल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर!

मंगळवार, २ एप्रिल

लेमच्या घरी गेलो. साबणाची बाटली आणि एक मऊ शर्ट घेऊन. ओडेसानं जाळीचं दार अर्धं उघडलं.

"झोपलाय," म्हणाली.

सकाळचे अकरा. लेम आयुष्यात अकराला झोपलेला नाही. पडदा हलला, मी पाहिला.

मी म्हटलं, ओडेसा, तो मला माफ करणार नाही का?

तिच्या चेहऱ्यावर काय होतं मला कळलं नाही. राग नव्हता. "माफ?" म्हणाली. "तुम्ही दोघं म्हातारे म्हणजे एकेक नमुना आहात." बाटली घेतली, शर्ट घेतला. मग आत तोंड करून मोठ्यानं, "ऐकलंस ना? माफी मागतोय तो तुझी! आता तरी बोल, नाहीतर मी बोलते!"

मी पायऱ्या उतरलो. हे काय होतं? तिला काय बोलायचंय?

शुक्रवार, ५ एप्रिल

दुकान तुडुंब. ईस्टरच्या आधीचा शुक्रवार, अख्खं गाव डोकी घेऊन येतं. उभं राहून पाय सुजले. पाती औषधात, पाती बाहेर, टॉवेल धू, टॉवेल वाळव. एकही मान वस्तऱ्यानं नाही काढली. चार जण कुरकुरले, एक उठून गेला.

दार उघडलं की बघायचो. प्रत्येक वेळी. व्हर्निस म्हणाली, "डॅडी, गिऱ्हाइकाचा कान सांभाळा."

रात्री माझ्या ताटात तळलेला मासा होता. कुत्र्याला दिला. एस्टेलनं पाहिलं आणि काही बोलली नाही. म्हणजे मी फारच वाईट दिसत असणार.

शनिवार, ६ एप्रिल

सातला लेम.

खुर्चीत बसला. मॉलच्या दुकानात गेला नव्हता, तो झुबका अजून तसाच होता. पाकिटातून चार घड्यांचा कागद काढला. "वाच. तूच वाच, व्हर्निसला देऊ नकोस. ओडेसा म्हणते आज दाखवला नाहीस तर उद्या चर्चमध्ये उभी राहून सांगेन."

घड्यांवर अक्षरं पुसलेली. भिंग घेतलं. डॉक्टरचा कागद. मानेला वस्तरा लावू नये. मशीन कातडीला टेकवू नये. न्हाव्याला हे दाखवावे.

वर तारीख. १८ जून १९८५.

मी ती दोनदा वाचली. लेम आरशात बघत नव्हता, खाली बघत होता.

"त्या उन्हाळ्यात तू नदीचं बोललास. तुझ्याकडे अजून एक जरी गिऱ्हाईक असतं ना," म्हणाला, "तर दाखवला असता. आणि मग एवढे दिवस झाल्यावर कुठल्या तोंडानं दाखवायचा?"

मी कागद त्याच घड्यांवर मिटला.

"टॉवेल निवतोय, ओझी."

चादर घातली. मशीनला गार्ड लावला. हळू केलं, खूप हळू. त्याचे हात आज चादरीच्या वर होते. उघडे.